खानदेशातील ख्रिस्ती मिशन आणि निराधार बालके

खानदेशातील ख्रिस्ती मिशन आणि निराधार बालके हा महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या सामाजिक इतिहासाचा एक भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका व स्वीडन या देशांतून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनरी स्वयंसेवकांनी तापी खोऱ्यात धर्मप्रसाराबरोबर शाळा, वसतिगृहे व दवाखाने सुरू केले. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत पश्चिम भारतातील हजारो मुले निराधार झाली आणि त्यांचे संगोपन हे मिशनकार्याचे एक प्रमुख अंग बनले. या कार्यामुळे अनेक मुलांचे प्राण वाचले व त्यांना शिक्षण मिळाले. मात्र परक्या देशातील दात्याच्या पैशावर वाढणारे मूल नेमके कोणाचे, त्याचा धर्म, भाषा व नातेवाईक यांचे काय, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. आजचे बालहक्कविषयक कायदे व परदेशी स्वयंसेवकांसंबंधीचे नियम यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

प्रदेश

ब्रिटिश काळात खानदेश हा मुंबई इलाख्यातील एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे करण्यात आले. पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव, तर पश्चिम खानदेशाचे धुळे होते. १९०१ च्या जनगणनेनुसार या दोन भागांची लोकसंख्या अनुक्रमे ९,५७,७२८ व ४,६९,६५४ होती. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या लिखाणात 'पश्चिम खानदेश' म्हणून उल्लेखिलेली नवापूर व चिंचपाडा ही मिशनची ठाणी आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

पूर्व भागात कापूस पिकवणारी काळी जमीन व भुसावळसारखे रेल्वेचे मोठे जंक्शन होते. पश्चिमेस सातपुडा व सह्याद्रीच्या उतारांवर भिल्ल, गावित, मावची, पावरा, कोकणी आदी आदिवासी समाजांची वस्ती होती. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग सुरू झाल्याने सुरत, नवापूर, नंदुरबार व अमळनेर ही गावे जोडली गेली. धान्य, औषधे व माणसे यांची ने-आण रेल्वेने होत असल्यामुळे मिशनची अनेक ठाणी लोहमार्गालगतच वसली.

स्वयंसेवक या संज्ञेचा बदलता अर्थ

आज 'मिशन स्वयंसेवक' म्हटले की काही आठवडे किंवा काही महिने परदेशात सेवा करून परतणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. एकोणिसाव्या शतकात या शब्दाचा अर्थ निराळा होता. १८८६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात सुमारे १०० तरुणांनी परदेशात मिशनरी म्हणून जाण्याची इच्छा लेखी नोंदवली. त्यातून १८८८ मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' ही संघटना स्थापन झाली. या चळवळीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरात झाला होता. त्यांचे वडील रॉयल गूल्ड वाइल्डर हे तेथील अमेरिकन मिशनरी होते. या चळवळीतील स्वयंसेवकाची प्रतिज्ञा बहुधा आयुष्यभरासाठी असे. नेमणुकीच्या ठिकाणी आल्यावर त्याला आधी भाषा शिकावी लागे व मराठीच्या परीक्षा द्याव्या लागत. १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी शब्दकोश या अभ्यासात उपयोगी पडे.

या काळात अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या मिशनरींमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. शाळा, वसतिगृह व मुलींचे आश्रम यांची प्रत्यक्ष व्यवस्था मुख्यतः त्यांच्याकडे असे. त्यांच्या जोडीला मराठी भाषक ख्रिस्ती शिक्षक, उपदेशक, परिचारिका, स्वयंपाकी व घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या स्त्रिया असत. मिशनच्या अहवालांत त्यांची नावे तुलनेने कमी आढळतात, परंतु मुलांचा रोजचा सहवास प्रामुख्याने त्यांचाच असे.

प्रमुख मिशन संस्था

ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स: ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून १८९७ मध्ये ही संस्था आकाराला आली. तिच्या मराठी भाषक क्षेत्रातील कार्याचे केंद्र वऱ्हाडात अकोला येथे होते. तेथून हे कार्य पूर्व खानदेशातील भुसावळ, जळगाव व चाळीसगावकडे पसरले. दुष्काळातील निराधार मुलांसाठी संस्थेने अकोला येथे मुलांचा व खामगाव येथे मुलींचा अनाथाश्रम चालवला. गुजरातेत धोळका येथेही तिचा मुलांचा आश्रम होता. खानदेश व वऱ्हाड हे लोहमार्गाने जोडलेले एकच कार्यक्षेत्र मानले जाई.

स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन: स्वीडनमध्ये जन्मलेले धर्मोपदेशक फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागो येथे ही संस्था स्थापन केली. पश्चिम खानदेशातील आदिवासी भागात तिचे कार्य होते. नवापूर हे तिच्या ठाण्यांपैकी एक होय. १९४९ मध्ये संस्थेचे नाव 'दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन' असे झाले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकात याच मिशनने सुरू केले.

स्वीडिश अलायन्स मिशन: स्वीडनमधील यन्शपिंग या शहराशी निगडित असलेल्या या संस्थेचे कार्य नंदुरबार परिसरात होते. नंदुरबारमधील 'एस. ए. मिशन' हे शाळेचे नाव या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आले आहे.

दुष्काळ आणि अनाथ मुले

१८९६–९७ च्या दुष्काळाचा मोठा फटका मध्य प्रांत, वऱ्हाड व दख्खनला बसला. त्यातून सावरण्यापूर्वीच १८९९ चा पाऊस गेला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे गुजरात व राजस्थानात 'छप्पनिया' म्हणून ओळखला जाणारा हा दुष्काळ खानदेशालाही भोवला. धान्याबरोबर चाराही नाहीसा झाल्याने गुरे मोठ्या प्रमाणावर मेली. सरकारी दुष्काळी कामांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. आईबाप मरण पावलेली, वाटेत चुकलेली किंवा पोसणे अशक्य झाल्याने सोडून दिलेली मुले रेल्वे स्थानके, बाजार व सरकारी अन्नछत्रे येथे आढळू लागली.

मिशनरी व त्यांचे भारतीय सहकारी अशी मुले गोळा करून आश्रमांत नेत. या कार्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावचे होय. पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन स्थापन केले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणून केडगावला मुक्ती सदन उभारले. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी मुली आल्यानंतर तेथील संख्या सुमारे २,००० पर्यंत पोचली. येथे कामाची सूत्रे परदेशी संस्थेच्या नव्हे, तर एका मराठी स्त्रीच्या हाती होती. परदेशी स्वयंसेविका तिच्या हाताखाली काम करीत. १८८७ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स १८९८ मध्ये रमाबाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९०५ मध्ये मुक्ती सदनात झालेल्या धर्मजागृतीची लाट इतर मिशनच्या आश्रमांपर्यंतही पोचली.

आश्रमातील जीवन

आश्रमात येणाऱ्या मुलांची अवस्था बहुधा अत्यंत नाजूक असे. दीर्घ उपासमारीनंतर पोटभर अन्न पचत नसे. हगवण, गोवर, नेत्ररोग व त्वचारोग यांमुळे अनेक मुले आल्यानंतर थोड्याच दिवसांत दगावत. त्यामुळे पहिले काम औषधोपचार व पातळ पेजेसारखे अन्न देण्याचे असे.

जगलेल्या मुलांचा दिवस प्रार्थना, शाळा व हातकाम यांत विभागलेला असे. मुलांना सुतारकाम, विणकाम, शेती व शिवणकाम, तर मुलींना दळण, स्वयंपाक, शिवण व शुश्रूषा शिकवली जाई. मुक्ती सदनात छापखानाही होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये तेथूनच छापले गेले. त्या काळी शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांतील मुलींना लिहिता-वाचता येणे हा या संस्थांचा सर्वांत टिकाऊ परिणाम होता. त्यांतील अनेक जणी पुढे शिक्षिका व परिचारिका झाल्या.

याची दुसरी बाजू नोंदींत दिसते. अतिशय लहान मुलांना आपले गाव, आईबापांचे नाव किंवा जात सांगता येत नसे. बाप्तिस्म्याच्या वेळी पुष्कळांना नवी नावे मिळत. भाषेचाही प्रश्न होता. शाळा प्रमाण मराठीत चाले, तर मुलांच्या घरची भाषा अहिराणी, भिल्ली किंवा मावची असे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात खानदेशी व भिल्ली बोलींची स्वतंत्र नोंद आहे. आश्रमात वाढलेल्या मुलाची घरची बोली सुटली, म्हणजे नातेवाइकांकडे परतण्याची वाटही अरुंद होई.

निधी व प्रायोजकत्व

आश्रमांचा खर्च मुख्यतः परदेशातील चर्च, रविवारच्या शाळा व नियतकालिकांचे वाचक यांच्या देणग्यांतून भागे. न्यू यॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने लुई क्लॉप्श यांच्या संपादकत्वाखाली भारतातील दुष्काळासाठी मोठा निधी उभारला. मे १९०० मध्ये 'क्विटो' हे जहाज सुमारे २,००,००० बुशेल मका घेऊन न्यू यॉर्कहून मुंबईकडे निघाले. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याकडे अमेरिकन मदतीच्या वाटपाची प्रमुख जबाबदारी होती. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

याच साप्ताहिकाने वर्षाला १५ डॉलर देऊन एका अनाथ मुलाचा खर्च उचलण्याचे आवाहन वाचकांना केले. ठरावीक रक्कम, ठरावीक मूल आणि त्याच्या प्रगतीचे पत्र ही पद्धत विसाव्या शतकातील बालप्रायोजकत्वाची पूर्वपीठिका मानता येते. या पद्धतीमुळे दूरच्या दात्याला आपल्या देणगीचे फळ दिसे व निधीत सातत्य राही. मात्र निधी मुलाच्या कुटुंबाशी नव्हे, तर त्याच्या संस्थेतील वास्तव्याशी जोडला गेल्याने मूल आश्रमातच राहण्याकडे कल वाढे.

धर्मांतराचा वाद

अनाथ मुलांच्या संगोपनाबरोबर त्यांना ख्रिस्ती शिक्षण देणे मिशन संस्था स्वाभाविक मानत. जे मूल मृत्यूच्या दारातून आले त्याला पालकत्व देणाऱ्याने आपला धर्मही द्यावा, अशी त्यांची धारणा होती. टीकाकारांचे म्हणणे असे की, भुकेल्या व अजाण मुलाची संमती ही संमती नव्हे.

१८९७ पासून लाला लजपतराय व आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळग्रस्त भागांतील हिंदू मुलांना आपल्या अनाथालयांत नेण्याची मोहीम चालवली. लजपतराय यांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे या विषयावर साक्षही दिली. अनाथ मूल आधी नातेवाईक किंवा स्वधर्मीय पालकांकडे सोपवावे व तसे कोणी न मिळाल्यासच अन्यधर्मीय संस्थेकडे द्यावे, असे तत्त्व या काळातील सरकारी धोरणात पुढे आले. सर्वत्र उपासमार असताना नातेवाइकांचा शोध घेणे कठीण असल्याने ते प्रत्यक्षात आणणे अवघड होते.

एतद्देशीय प्रयत्न

निराधार मुलांची सेवा केवळ मिशन संस्थांनीच केली असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालवले. प्रार्थना समाजाशी निगडित असलेला पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ पासून कार्यरत होता. पुण्यातील अनाथ विद्यार्थी गृह १९०९ मध्ये सुरू झाले. खानदेशाला लागून असलेल्या भिल्ल प्रदेशात ठक्कर बाप्पा यांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. छात्रालयातील मूल सुटीत आपल्या घरी जात असे. पूर्ण अनाथाश्रम व घराशी नाते राखणारे वसतिगृह यांतील हा फरक पुढील काळात महत्त्वाचा ठरला. खानदेशातील मिशन संस्थांचे कामही कालांतराने अनाथाश्रमांकडून आदिवासी मुलांच्या वसतिगृहांकडे वळले. ही वसतिगृहे 'बोर्डिंग' या नावाने ओळखली जातात.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरींची संख्या हळूहळू घटली. शेजारच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या आपल्या अहवालात परदेशी पैसा व धर्मांतर यांवर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी हा अहवाल एकांगी असल्याचे म्हटले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला.

या काळात शाळा, रुग्णालये व चर्च यांचे व्यवस्थापन भारतीयांच्या हाती आले. चिंचपाड्याचे रुग्णालय १९७० मध्ये स्थापन झालेल्या 'इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन' या भारतीय संस्थेच्या जाळ्यात समाविष्ट झाले. मराठी व आदिवासी भाषक पाळक, डॉक्टर व शिक्षक ही या कार्याची मुख्य फळी बनली.

कायदेशीर चौकट

अनाथालये व इतर धर्मादाय गृहे यांच्यावरील देखरेखीसाठी १९६० मध्ये केंद्रीय कायदा झाला. सध्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा प्रमुख कायदा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी अनिवार्य आहे. कुटुंबापासून दुरावलेले मूल आढळल्यास २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, चाइल्डलाइन, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समिती यांना कळवावे लागते. मुलाला कोठे ठेवायचे हा निर्णय समितीचा असतो. कोणतीही संस्था किंवा स्वयंसेवक तो परस्पर घेऊ शकत नाही.

परदेशी देणग्यांवर परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील 'कम्पॅशन इंटरनॅशनल' या ख्रिस्ती बालप्रायोजक संस्थेला पूर्वपरवानगीच्या यादीत घालण्यात आले व मार्च २०१७ मध्ये तिने भारतातील काम थांबवले. तेव्हा तिच्या योजनेत सुमारे १,४५,००० भारतीय मुले होती. परदेशी नागरिकांना धर्मप्रचारासाठी पर्यटक व्हिसा वापरता येत नाही. मिशनरी कार्यासाठी स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो.

अल्पकालीन स्वयंसेवेवरील टीका

एकविसाव्या शतकात स्वस्त विमानप्रवासामुळे अल्पकालीन स्वयंसेवा जगभर वाढली. अनाथाश्रमातील लहान मुले दर काही आठवड्यांनी नव्या पाहुण्याशी जवळीक साधतात व पुन्हा दुरावतात. अशा वारंवार ताटातुटीचा मुलांच्या भावनिक वाढीवर दुष्परिणाम होतो, असे बालविकास तज्ज्ञ सांगतात. पाहुण्यांच्या देणग्या मिळाव्यात म्हणून आईवडील हयात असलेल्या मुलांनाही संस्थेत ठेवले जाण्याचे प्रकार काही देशांत उघडकीस आले आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. संस्थेत ठेवणे हा अखेरचा पर्याय असावा, असा त्यांचा रोख आहे. डिसेंबर २०१९ च्या ठरावात आमसभेने अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या धोक्यांचीही दखल घेतली.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २० मध्ये, कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीचा आणि त्याच्या संगोपनातील सातत्याचा विचार व्हावा, असे म्हटले आहे. दुष्काळ काळातील वादाचा गाभा येथे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत मांडलेला दिसतो. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना याच दिशेची आहे. तिच्याद्वारे मुलाला संस्थेत न नेता नातेवाईक किंवा पालक कुटुंबाला मासिक साहाय्य दिले जाते.

मूल्यमापन

खानदेशातील मिशनकार्याचे मूल्यमापन दोन टोकांना होत आले आहे. एका मतानुसार, जेथे ना शाळा होती ना दवाखाना, तेथे परक्या देशातून येऊन आयुष्य वेचणाऱ्यांनी हजारो मुले जगवली. दुसऱ्या मतानुसार, संकटाचा लाभ घेऊन मुलांना त्यांच्या समाजापासून तोडण्यात आले. आश्रमांच्या इतिहासात या दोन्ही मतांना आधार देणाऱ्या बाबी आढळतात. जी कामे दीर्घकाळ टिकली त्यांत एक समान सूत्र दिसते: तेथील स्वयंसेवक स्थानिक भाषा शिकले, वर्षानुवर्षे राहिले आणि अखेर सूत्रे स्थानिक माणसांच्या हाती सोपवून बाजूला झाले. चिंचपाड्याचे रुग्णालय व नंदुरबारची शाळा ही त्याची उदाहरणे आहेत.

हेही पाहा

पंडिता रमाबाई
खानदेश
अमेरिकन मराठी मिशन
भिल्ल
बाल कल्याण समिती
दत्तकविधान